अनुभव धागा: जलरंगातले पाणी

जलरंग शिकू लागलेल्या मंडळींशी बोलताना असे दिसते की रंगांची चौकशी सगळेच करतात, पाण्याची मात्र कोणी करत नाही. कोणती ट्यूब घ्यावी, ब्रश किती नंबरचा असावा, यावर सल्ले भरपूर मिळतात. पण कागदावर पाणी किती असावे, ते किती वेळात वाळते आणि तोवर हाताने काय करावे, हे ज्याचे त्यालाच शोधावे लागते आणि ते गावागणिक आणि ऋतूगणिक बदलते. म्हणून या धाग्यासाठी अनुभव मागवताना एवढीच विनंती केली होती की चित्र कसे झाले यापेक्षा पाण्याचे काय झाले ते लिहावे. आलेले अनुभव खाली देत आहे. आपलेही जरूर जोडावेत.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, खाली क्षितिजापर्यंत आणेतो वरची कड वाळलेली असते आणि मग मध्येच एक पट्टा उमटतो, जो पुसायला गेल्यास अधिकच ठळक होतो. यावर पहिला उपाय कूलरचा सापडला. त्याच्या झोतासमोर बसल्यास कागद झटकन सुकतो, परंतु त्याच खोलीत झोत चुकवून बसल्यास हवेतला दमटपणा उपयोगी पडतो आणि वॉशला पुरेसा अवधी मिळतो. दुसरा उपाय म्हणजे रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवणे. अर्ध्या आभाळात रंग संपला की नवा कालवेपर्यंत कड कोरडी होते, आणि शिवाय तीच छटा पुन्हा जमत नाही. बोर्ड थोडा तिरका ठेवावा. वॉशच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याचा एक जाड ओघ जमतो, तो पुढच्या फटकाऱ्यासरशी खाली नेत राहावे. तो तुटला नाही तर पट्टा पडत नाही.

पुणे

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतर जलरंग हाती घेताना निम्मे काम आधीच झाले आहे असा समज होता. परंतु आम्ही वस्तुचित्र रंगवत असू ते पोस्टर रंगांत, म्हणजे पितळी तांब्यावरची चमक शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन दाखवत असू. पारदर्शक जलरंगात ती चमक म्हणजे न रंगवलेला कागद असतो. तांब्याला पहिला पिवळा हात देण्यापूर्वीच ती जागा ठरवून तिच्या भोवतीने ब्रश फिरवावा लागतो. फिक्याकडून गडदाकडे जायचे आणि शेवटी काय दिसणार हे आरंभीच ठाऊक असायचे. याची सवय व्हायला वेळ लागला. डब्यातली पांढरी ट्यूब मी सध्या कपाटात ठेवली आहे.

रत्नागिरी

पावसाळ्यात वॉश तासन्‌तास ओला राहतो, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याचे फारसे वाईटही वाटत नाही, कारण ओल्यावर ओला रंग सोडण्याची कामे तेव्हाच निवांत करता येतात; डोंगरावर उतरलेले ढग रंगवायला याहून सोयीची हवा नाही. खरा त्रास कपाटात ठेवलेल्या कागदाचा आहे. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचा किंवा तशाच सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळे पाणी काही काळ वर राहते आणि रंग हलवता येतो. आमच्या दमट हवेत हा सरस ठिकठिकाणी निकामी होतो. कोरडा असताना कागद अगदी निर्दोष दिसतो. वॉश दिला की मात्र त्या जागा टिपकागदाप्रमाणे रंग पिऊन टाकतात आणि आभाळभर गडद ठिपके उठतात. सुरुवातीला वाटते की दोष आपल्या हाताचा आहे. तसे नसते. महागडा सुती कागदही यातून सुटत नाही.

आता मी कागद थोडाच आणतो, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि नव्या चित्रापूर्वी कोपऱ्यावर रंगाचा एक थेंब टाकून पाहतो. थेंब वर टिकून राहिला तर कागद चांगला. लगेच मुरून मागच्या बाजूला दिसू लागला तर तो कागद पेस्टलकडे वळवतो. दुकानात साठवलेल्या जुन्या मालाचीही हीच गत असते, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी सवलतीत मिळणारे गठ्ठे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूर

टाऊन हॉल संग्रहालयात अबालाल रहिमान यांची चित्रे आहेत, ती वरचेवर पाहावीत. नवशिक्याने पंचगंगेच्या घाटावर सकाळी लवकर बसावे; ऊन चढले की पायऱ्यांच्या सावल्या सरकतात आणि पॅलेटमधला रंगही आटतो. पाण्याची भांडी दोन असावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्याचे. पिवळा रंग मळकट होण्याचे कारण बहुधा या एका भांड्याच्या काटकसरीत असते.

ठाणे

मला सर्वांत उपयोगी पडले ते कागदावरची चमक ओळखणे. वॉश दिल्यानंतर कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून खिडकीच्या दिशेने पाहावा. प्रथम पाणी लखलखते. त्या वेळी सोडलेला रंग दूरवर पसरतो. मग चमक मंदावते. आता घट्ट कालवलेला रंग लावल्यास तो मऊ कडेने जागेवर थांबतो, झाडांचे दूरचे शेंडे येतात ते इथेच. त्यानंतर चमक जाते, कागद कोरडा वाटतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. या अवस्थेत काहीही करू नये. अर्धवट वाळलेल्या भागात पाणीदार ब्रश लागला की नवे पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कड उमटते. रंग वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून सुधारण्याचा मोह नेमका याच वेळी होतो. त्या वेळी मी उठून चहा टाकते.

बंगळुरू

म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ पाहिले. मूळचे सावंतवाडीचे हळदणकर, चित्र 1945-46 च्या सुमारास केलेले. हातात दिवा घेतलेली स्त्री, आणि ज्योतीचा उजेड बोटांतून, चेहऱ्यावर आणि साडीवर पसरलेला. कित्येकांना ते तैलचित्र वाटते, पण ते जलरंगात आहे. जलरंग म्हणजे फिकट, धुवट काहीतरी, असा माझा ग्रह होता आणि त्यापायी मी रंगात पाणी अंमळ जास्तच घालत असे. घरी आल्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) जवळजवळ पाण्याशिवाय कालवून पाहिले. काळा रंग न वापरता इतका खोल अंधार मिळतो आणि तेच मिश्रण पाणी वाढवत नेले की पावसाळी ढगाचा करडा होतो.

नागपूर (पुन्हा)

रत्नागिरीकरांना एक विचारायचे आहे: आमच्याकडे हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, तेव्हा 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड) कागद उघड्या कपाटात ठेवला तर चालेल का, की पावसाळ्यापुरता तरी तो पिशवीत घालावा?

रत्नागिरी

पावसाळ्यापुरता अवश्य घालावा. आणि कूलरच्या खोलीत मात्र ठेवू नये.