मदत हवी आहे: गावात एमराल्डला किंमतच उरली नाही, बाजार बंद पडलाय

पंचवटी_मायनर
आमचं माइनक्राफ्टचं गाव गोदाकाठासारखं बांधलंय. घाट, मेनरोड, रविवार कारंजा, दोन्ही बाजूंना दुकानं. चलन एमराल्ड, म्हणजे खेळातलं हिरवं रत्न. सुरुवातीला १ डायमंड ४ एमराल्डला मिळायचा, आता ६४ देतो म्हटलं तरी कुणी देत नाही. नवीन पोरं येतात आणि दोन दिवसांत सोडून जातात, कारण त्यांना काहीच परवडत नाही. १ डायमंड = १० एमराल्ड असा भाव बांधून दिला, तर दुकानदारांनी मालच ठेवणं बंद केलं. उद्या रविवार आहे, सगळे ऑनलाइन असतात, उद्याच काहीतरी जाहीर करायचंय. चलन बदलू का? सगळ्यांचे एमराल्ड शून्य करू? लवकर सांगा.

रेडस्टोनभाऊ
खेळ जावा प्रकारचा की बेडरॉक? आवृत्ती कोणती? किती जण खेळतात? प्लगइन (सर्व्हरला जोडायचे जादा प्रोग्रॅम) कुठले? आणि मुख्य म्हणजे एमराल्ड येतात कुठून? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

पंचवटी_मायनर
जावा. १४ जण. सर्व्हर पेपर या सॉफ्टवेअरवर आहे, पण प्लगइन नाहीत. दुकान म्हणजे पेटी आणि पाटी. एमराल्ड सगळीकडे येतात तसेच, गावकऱ्यांकडून, म्हणजे खेळ स्वतः चालवतो त्या पात्रांना माल विकून. चलनाचं सांगा ना.

देवळाली_कॅम्प
कुणीतरी डुप्लिकेशन करतंय, खेळातल्या चुकीतून एमराल्डच्या नकला काढतंय. कोअरप्रोटेक्ट प्लगइन टाका, पेट्यांची नोंद बघा, चोर लगेच सापडेल.

रेडस्टोनभाऊ
कोअरप्रोटेक्ट बसवल्यानंतरच्याच नोंदी ठेवतो, मागचा हिशोब त्यात मिळणार नाही. शिवाय पेपर डुप्लिकेशनच्या बऱ्याच वाटा मुळातच बंद ठेवतो. आधी सरळ कारण तपासू. आवृत्ती अजून सांगितली नाही. आणि गावकऱ्यांना झोंबी करून परत बरे करता का? बरा केलेला गावकरी सवलत देतो.

पंचवटी_मायनर
१.२०.१. हो, बरे करतो की, सगळेच करतात. एकाचा मळा आहे त्यात २० फ्लेचर (बाण बनवणारे गावकरी) आहेत, १ काडीला १ एमराल्ड देतात. त्याचा काय संबंध? तो दुकानदारच नाहीये.

चाळीतला_कांदा
सगळा संबंध तिथेच आहे, दादा. लासलगावला आवक वाढली की कांद्याचा भाव पडतो. तुमच्याकडे आवक एमराल्डची वाढलीय, म्हणून एमराल्डचा भाव पडलाय. डायमंड महागलेला नाही.

हिशोब मांडा. फ्लेचरचा मूळ भाव ३२ काड्यांना १ एमराल्ड. १ ओंडका = ४ फळ्या = ८ काड्या, म्हणजे एका एमराल्डला ४ ओंडके तोडावे लागतात. ही मेहनत होती म्हणून एमराल्डला मोल होतं. आता एका ओंडक्याला ८ एमराल्ड. एक फ्लेचर हा सौदा १६ वेळा करतो आणि दिवसातून २ वेळा माल भरतो. गेममधला दिवस २० मिनिटांचा, म्हणजे तासाला ३ दिवस. ३२ गुणिले ३ = ९६ एमराल्ड. २० फ्लेचरचे तासाला १९२०, बरोबर ३० स्टॅक (६४ चा एक). त्याला लागतात फक्त २४० ओंडके. ही वरची मर्यादा आहे, पण निम्मे धरले तरी १४ जणांच्या गावात दुसऱ्या कुणाची कमाई त्यापुढे टिकणार?

रेडस्टोनभाऊ
बरोबर, फक्त एक दुरुस्ती. १ काडीचा भाव कायम राहत नाही. पाचेक वेळा बरा केल्यावर भाव १ वर येतो, पण सवलतीचा छोटा भाग रोज थोडा विरतो आणि काड्या थोड्या वाढतात. सारखा तोच सौदा केला की मागणीमुळेही वाढतात. मोठा भाग मात्र कधीच विरत नाही. आणि तो ज्याने बरं केलं त्याच्याच नावावर असतो. म्हणून नवीन पोरं त्याच फ्लेचरकडे गेली तर त्यांना जवळपास पूर्ण भाव दिसतो. त्यांना परवडत नाही ते यामुळे.

उपाय सोपा आहे, अपडेट करा. १.२०.२ पासून मोठी सवलत पहिल्यांदा बरं केल्यावरच मिळते, पुढे साचत नाही. काड्यांवर एका वेळची सूट ५-६ काड्यांची, बस. सर्व्हरच्या संगणकावरचं जावा सॉफ्टवेअरही बघा: १.२०.२ ला जावा १७ चालतं, १.२०.५ पासून पुढे किमान जावा २१ लागतं. वर्ल्डचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण वर्ल्ड एकदा वर गेलं की खाली आणता येत नाही.

मेनरोडची_मुक्ता
अपडेटने अर्धंच काम होईल. काड्यांच्या सौद्यात सवलत हळू लागते, मंतरलेल्या पुस्तकांवर ती चौपट लागते. एकदाच बरं केलं तरी पुस्तकावर साधारण २०-२५ एमराल्डची सूट मिळते. मेंडिंगचं (हत्यार दुरुस्त करणारा मंत्र) पुस्तक मुळात १० ते ३८ एमराल्डचं, त्यातली बरीच मग १ वर येतात, नव्या आवृत्तीतही.

हे महत्त्वाचं का, तर गावकऱ्याला दिलेला एमराल्ड खेळातून नाहीसा होतो. लायब्रेरियन, म्हणजे पुस्तकं विकणारा गावकरी, हा तुमच्या गावाचा निचरा होता. काड्यांनी नळ मोठा केला आणि स्वस्त पुस्तकांनी निचरा बुजवला. दोन्हीकडे हात घातल्याशिवाय चलन बदलून उपयोग नाही.

सिडको_टाउनी
एवढं कशाला? टाउनी (गाव आणि प्लॉट सांभाळणारं) आणि व्हॉल्ट (पैशाचा हिशोब जोडणारं) ही प्लगइन टाका, सोबत इसेन्शिअल्सएक्स प्लगइनचा आभासी पैसा. खेळाडू एकमेकांत एमराल्ड वापरणारच नाहीत. प्लॉटवर रोज कर, गावाच्या बँकेतून रोज देखभाल खर्च. निचरा आपोआप. चेस्टशॉप या पेटी-दुकानाच्या प्लगइनच्या पाटीवर पहिली ओळ मोकळी, दुसरीत नग, तिसरीत बी आणि एस लावून खरेदी-विक्रीचे भाव, चौथीत वस्तूचं नाव. झालं.

मेनरोडची_मुक्ता
आणि त्या पैशाची आवक कुठून? सर्व्हरचं दुकान माल विकत घेणार ना? तिथे लोखंडाला भाव ठेवलात की सगळे आयर्न फार्म (आपोआप लोखंड काढणारी रचना) चालू ठेवून झोपायला जाणार. त्यातला एक गोलेम (लोखंडी पुतळा) मेला की ३ ते ५ लोखंड टाकतो, रात्रभर आवक चालू. दुखणं तेच राहील, फक्त नाव बदलेल. आणि १४ जणांना रोजचा कर लावलात, तर परीक्षेच्या महिन्यात जो आलाच नाही त्याचा प्लॉट जाईल.

सिडको_टाउनी
सर्व्हरच्या दुकानात लोखंड घ्यायचंच नाही, एवढंच ना. आणि कर शून्यही ठेवता येतो. प्लगइनशिवाय हिशोब ठेवणं म्हणजे प्रत्येक पेटीवर राखण बसवणं.

मळे_परिसर
टीपीएस (सर्व्हरचा सेकंदाचा वेग) किती आहे ते बघा. इतके गावकरी एका जागी कोंडले की सर्व्हर अडखळतो. स्पार्क प्लगइन टाकून त्याचा प्रोफायलर चालवा, भार कुठे आहे ते दिसेल. सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती दूर खेळ चालू ठेवायचा) १० असतो, तो ६ करा. एका ब्लॉकमध्ये २४ पेक्षा जास्त प्राणी ठेवू नका, मरायला लागतात.

पंचवटी_मायनर
लॅग नाहीच आहे. मी विचारलं काय, चाललंय काय. त्या मळेवाल्याला बंद कर म्हटलं तर तो सर्व्हर सोडेल, अर्धा घाट त्याने बांधलाय. गावकरी मारायचे नाहीत असं ठरलंय. मग?

चाळीतला_कांदा
हे आधी सांगायला हवं होतं. मारायची गरजच नाही, फ्लेचरची कामाची फ्लेचिंग टेबलं काढून घ्या. एकदा सौदा झालेल्या गावकऱ्याचा धंदा बदलत नाही, पण टेबल नसेल तर त्याला माल भरता येत नाही. हातातले १६ सौदे संपले की थांबला. फक्त ४८ ब्लॉकच्या आत दुसरं मोकळं फ्लेचिंग टेबल राहू देऊ नका, नाहीतर तो ते धरतो. २० पैकी २ टेबलं ठेवा. मळेवाल्याचं सगळं जात नाही, आवक मात्र दहा टक्क्यांवर येते. अपडेट झालं तरी जुन्या गावकऱ्यांच्या जुन्या सवलतीवर विसंबू नका, टेबलं काढाच.

रेडस्टोनभाऊ
चांगलं आहे. अपडेट व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर डिफिकल्टी (खेळाची कठीणता) ईझीवर न्या. ईझीत झोंबीने मारलेला गावकरी झोंबी होतच नाही, नॉर्मलला निम्मे होतात, हार्डला सगळे. म्हणजे त्याच गावकऱ्याला परत परत बरा करणं थांबतं. पण आधी मळ्यात सांगून ठेवा: कुणी सवयीने झोंबी आत सोडला तर गावकरी सरळ मरेल.

मेनरोडची_मुक्ता
आता निचरा. मेंडिंग, अनब्रेकिंग ३, एफिशिअन्सी ५ या मंत्रांची पुस्तकं विकणारे लायब्रेरियन गावाच्या मालकीचे करा, एका वाचनालयात ठेवा आणि त्यांना कुणीही बरं करायचं नाही असा नियम करा. सगळ्यांना एकच भाव. दाराशी झोंबी पोचू नये म्हणून उजेड आणि कुंपण नीट हवं.

साचलेले एमराल्ड शून्य करू नका, लोकांचा विश्वास जाईल. त्यांना जागा द्या. घाटावर पूर्ण उंचीचा बीकन (आसपासच्या सगळ्यांना ताकद देणारा दिवा) बांधा, एमराल्ड ब्लॉकचा. ९, २५, ४९ आणि ८१ असे एकूण १६४ ब्लॉक, ब्लॉकला ९ प्रमाणे १४७६ एमराल्ड, २३ स्टॅक आणि वर ४. मळेवाल्यालाच मुख्य देणगीदार करा, पायथ्याशी त्याच्या नावाची पाटी लावा. हेस्टचा, म्हणजे जलद खोदण्याचा, फायदा सगळ्या गावाला.

सिडको_टाउनी
ब्लॉक फोडून परत घेता येतात, प्लगइन नसताना ते राखणार कोण?

मेनरोडची_मुक्ता
ही हरकत बरोबर आहे. तेवढ्यासाठी ग्रीफप्रिव्हेन्शन (जागेचे हक्क राखणारं प्लगइन) टाका आणि बीकनची जागा प्रशासक हक्कात ठेवा. बाकी काही नको.

पंचवटी_मायनर
ठीक. पण चलन एमराल्डच ठेवायचं की डायमंड?

रेडस्टोनभाऊ
डायमंड. त्याचा फार्म होत नाही आणि गावकरी विकत नाहीत. खाली वजा ५९ उंचीच्या आसपास खोदावंच लागतं, कुदळीवर फॉर्च्युन ३ (जास्त माल देणारा मंत्र) असला तरी एका खनिजाला जास्तीत जास्त ४. शिवाय चिलखत आणि हत्यारांत खर्च होतो, त्यामुळे निचरा आपोआप होतो.

चाळीतला_कांदा
मोठ्या सौद्यांना डायमंड ठीक, पण सुट्ट्यांचं काय? डायमंड तुटत नाही. १६ भाकऱ्या घ्यायला आलेल्या पोराने काय द्यायचं? रोजच्या मालाला एमराल्डच राहू द्या, दर बांधू नका. रविवारी कारंज्यावर लिलाव लावा: माल समोर, बोली मोठ्याने, वाढीव बोली किमान ४ एमराल्डची. तीन-चार रविवारांत खरा दर कळेल.

रेडस्टोनभाऊ
१४ जणांत एका वस्तूला दोनच गिऱ्हाईकं असतात, लिलावात खरा दर निघत नाही. एलिट्रा (उडायचे पंख), शल्कर बॉक्स (सोबत नेता येणारी पेटी) अशा मोजक्या मालाला ठीक.

घाट_बांधणी
तुमच्या घाटाच्या पायऱ्या कशाच्या आहेत? बसॉल्ट वापरला असेल तर तो खांबाचा ब्लॉक आहे, त्याच्या पायऱ्या होत नाहीत. आपल्याकडचा दगड बसॉल्ट म्हणून सगळे तोच घेतात. काळारामासारखा काळा दगड हवा असेल तर पॉलिश्ड ब्लॅकस्टोन घ्या, त्यात पायऱ्या, स्लॅब, भिंत सगळं मिळतं. पाण्याखालच्या पायऱ्यांवर बादली रिकामी केली की पाणी त्याच ब्लॉकमध्ये बसतं, कोपऱ्यात हवेचा खड्डा राहत नाही.

पंचवटी_मायनर
घाट डीपस्लेटचा आहे, पण कुंडाच्या कडेला तोच खड्डा दिसतो, बघतो.
उद्याचं ठरलं: १८ टेबलं काढणार, ईझी आजच, वर्ल्डची कॉपी करून पुढच्या आठवड्यात अपडेट. वाचनालय गावाचं. बीकनचं मळेवाल्याशी आत्ताच बोललो, तो ६० ब्लॉक देतोय. भाव बांधलेली पाटी काढतो. डायमंडचं उद्या सगळ्यांना विचारून.

चाळीतला_कांदा
टेबलं काढताना एक बघा, त्या मळ्याशेजारी ४८ ब्लॉकच्या आत कुणाच्या घरात सजावटीला फ्लेचिंग टेबल आहे का. बरेच जण भिंतीत लावतात.

पंचवटी_मायनर
आहेत. माझ्याच घरात ३ आहेत. काढतो.