कोल्हापूरचं सर्किट बेंच आणि नागपूरचं खंडपीठ: कायद्याने फरक काय? (कृष्णाकाठ, कलम ५१, मोफसल, जुने दप्तर ही चर्चेतल्यांची टोपणनावं.)

कृष्णाकाठ: नागपूर, औरंगाबाद, पणजी ही मुंबई हायकोर्टाची कायमची खंडपीठं, आणि कोल्हापूर सर्किट बेंच (कायमचं खंडपीठ न करता न्यायमूर्ती जिथे बसतात ते). मग कोल्हापूरच्या निकालाचं वजन कमी का? सांगली जिल्हा न्यायालयाच्या निकालावर सेकंड अपील (हायकोर्टातलं दुसरं अपील) आता कुठे करायचं? रक्कम मोठी असेल तर दावा थेट हायकोर्टात लावता येतो म्हणतात, ते खरं का?

कलम ५१: वजन तेच. हायकोर्ट एकच, न्यायमूर्ती त्याच यादीतले. कोण कुठे बसणार ते मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. मंजूर पदं 94 आहेत, तीही संपूर्ण न्यायालयाची मिळून.

फरक आहे तो पायाभूत कायद्यात. नागपूरला 1936 पासून स्वतंत्र हायकोर्ट होतं. 1956 मध्ये ते गेलं, म्हणून 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम 41 ने विदर्भाला हमी दिली: किमान तीन न्यायमूर्ती नागपूरला बसतीलच. अशी हमी कोल्हापूरला नाही. पणजीसाठी संसदेने 1981 मध्ये वेगळा कायदा केला, खंडपीठ 1982 मध्ये आलं.

कोल्हापूर 18 ऑगस्ट 2025 पासून चालू आहे, राज्य पुनर्रचना कायदा 1956, कलम 51(3) खाली: मुख्य न्यायमूर्तींचा आदेश आणि राज्यपालांची मान्यता, एवढ्यावर. कायमच्या खंडपीठाला 51(2) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचा रस्ताही हाच होता. 1981 मध्ये 51(3), त्याला दिलेलं आव्हान सुप्रीम कोर्टात टिकलं नाही, आणि 1984 मध्ये 51(2). त्यामुळे ‘सर्किट म्हणजे तात्पुरतं, कधीही उठेल’ ही ओरड मला अतिशयोक्त वाटते.

मोफसल: सेकंड अपील कोल्हापूरलाच. जिल्हे सहा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. खटला कुठल्या जिल्ह्यातून आला ते बघतात. पक्षकार ठाण्यात राहतो की पुण्यात, याने फरक पडत नाही.

मुदत 90 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळतात, पण नक्कल तयार झाल्यावर ती न उचलता घालवलेले दिवस धरले जातात. बहुतेकांची मुदत इथेच हुकते. नकलेवर अर्जाची आणि तयार झाल्याची, दोन्ही तारखा असतात, त्या तपासा. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच जोडा. आणि अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नेमका मांडा. नुसती ‘पुरावा चुकीचा वाचला’ अशी तक्रार असेल तर अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं जातं.

कृष्णाकाठ: आणि थेट दावा?

कलम ५१: सांगलीचा नाही. रक्कम कितीही असो, सुरुवात जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात. थेट दावे ऐकणारी ओरिजिनल साइड फक्त मुंबई शहरापुरती आहे, आणि तिथेही 2024 पासून 10 कोटींपर्यंतचे सर्वसाधारण दावे सिटी सिव्हिल कोर्टाकडे गेलेत.

जुने दप्तर: ओरिजिनल साइडचं मूळ 1862 मध्ये आहे. त्याआधी शहरासाठी राणीचं सुप्रीम कोर्ट आणि मोफसलच्या (शहराबाहेरच्या मुलखाच्या) अपिलांसाठी कंपनीची सदर अदालत, असा दुहेरी कारभार होता. 26 जून 1862 च्या लेटर्स पेटंटने (राणीच्या सनदेने) दोन्ही एकत्र केली, 14 ऑगस्टला हायकोर्ट उघडलं. 15 न्यायमूर्तींची मुभा होती, सुरुवात सातांवर झाली. सुप्रीम कोर्टाचा वारसा ओरिजिनल साइडकडे आला, सदर अदालतीचा अपील साइडकडे. नियमही दोन्हींचे आजवर वेगळे आहेत, म्हणून मुंबईच्या ओरिजिनल साइडवरचा मसुदा उचलून कोल्हापूरला लावू नका. लावलात तर रजिस्ट्री (कोर्टाचं कार्यालय) ऑब्जेक्शन काढते आणि ते दूर होईपर्यंत प्रकरण बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) येत नाही.