१८६९ साली अमेरिकेला गेलेला स्वीडिश पूर्वज: ‘युंगबी’ नेमकं कोणतं?

शोधयात्री:
एका घराण्याची वंशावळ लावायची आहे. मूळ पुरुष स्वीडनमधल्या स्मोलांडचा शेतकरी. अमेरिकेतल्या कागदांवर आडनाव जॉन्सन, जन्मगाव युंगबी, स्थलांतर १८६९. जन्मतारीख एका कागदावर ११ ऑक्टोबर १८४६, दुसऱ्यावर ११ ऑगस्ट. नकाशावर युंगबी एकापेक्षा जास्त दिसतात. चर्चच्या वह्यांत सुरुवात कुठून करायची?

दप्तरी:
आधी युंगबी पक्कं करा. या नावाचे पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) क्रोनोबेर्ग, काल्मार आणि हालांड अशा तीन जिल्ह्यांत आहेत. हालांड स्मोलांडमध्ये येत नाही, म्हणजे उरले दोन. संग्रहांच्या यादीत नावापुढे जिल्ह्याचं अक्षर असतं: क्रोनोबेर्ग ‘जी’, काल्मार ‘एच’. शोधताना स्पेलिंग एल-जे नं सुरू करा, नाहीतर काहीच सापडणार नाही.

जन्माच्या वहीपासून सुरुवात करू नका. आधी ‘बी’ मालिकेतली स्थलांतराची वही काढा, वर्ष १८६९. नुकताच दुष्काळ होऊन गेलेला, त्यामुळे ‘उत्तर अमेरिका’ असा शेरा पानोपानी दिसेल. त्याच्या ओळीत बहुतेकदा घरोघरच्या धर्मपरीक्षेच्या वहीचा (हूसफरहोर्सलेंग्ड, मालिका ‘ए-आय’) पान क्रमांक असतो. ते पान म्हणजे सोन्याची खाण! शेतवाडीचं नाव, घरातली सगळी माणसं, प्रत्येकाची जन्मतारीख आणि जन्म-पॅरिश, कुठून आला, कुठे गेला, देवीची लस, धर्मपाठ किती येतो, सगळं एका ओळीत. नावावर काट मारलेली दिसली तर माणूस गेला किंवा हलला. कोणतं ते शेऱ्याच्या रकान्यात पाहा.

एक वही साधारण पाच ते दहा वर्षांची. मागची वही काढा, तीच शेतवाडी शोधा, असं करत आईबापांपर्यंत या. गड्यांच्या बाबतीत इथे दमछाक होते, कारण ते ऑक्टोबर अखेरीस मालक बदलत आणि वर्षावर्षाला पान बदलतं.

जुनी_शाई:
तारखेचा घोळ बहुधा असा झालाय: जुन्या वह्यांत महिने ‘७ बर, ८ बर, ९ बर, १० बर’ असे लिहिलेले असतात. हे सप्टेंबर ते डिसेंबर. ‘८ बर’ला आठवा महिना समजून कुणीतरी ऑगस्ट केलं असणार. तरी जन्माच्या वहीत (मालिका ‘सी’) दोन्ही महिने पाहा. तिथे जन्म आणि बाप्तिस्मा अशा दोन तारखा असतात, त्या एकमेकींत मिसळू नका. धर्मपरीक्षेची वही दर वेळी नव्यानं उतरवली जाई आणि उतरवताना आकडा बदले. मतभेद झाला तर जन्माची वहीच खरी धरायची.

आडनावावर विसंबू नका. त्या काळी खेड्यात मुलाला बापाच्या नावापुढे ‘सोन’ लागे, मुलीला ‘दोत्तेर’. अमेरिकेत योन्सन, युहान्सन, युहान्नेसन, युनासन सगळ्यांचा जॉन्सन झाला, म्हणजे बाप योन, युहान, युहान्नेस किंवा युनास यांपैकी कुणीही असू शकतो. बाप सैनिक असेल तर सैन्यानं दिलेलं लहानसं टोपणनाव (‘रास्क’, ‘मूदिग’ असली) मुलाला लागतंच असं नाही.

शोधयात्री:
स्थलांतराच्या वहीत नावच नसेल तर?

दप्तरी:
काही जण पाद्रीला न सांगता निघून जात. योतेबोरी (गोथेनबर्ग) बंदरातल्या पोलिसांच्या याद्या १८६९ पासूनच आहेत, त्या पाहा; वय आणि मूळ ठिकाण मिळतं. दुसरी वाट म्हणजे मागे राहिलेली भावंडं. स्वीडनच्या १८८० च्या जनगणनेत जन्म-पॅरिश लिहिलेला आहे आणि ती शोधयोग्य आहे. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी: अमेरिकेतल्या ऑगुस्ताना ल्युथरन मंडळींची (स्वीडिश स्थलांतरितांच्या चर्चची) सभासद-नोंद. तिथे पॅरिश अनेकदा नेमका असतो.

जुनी_शाई:
रिक्सआर्किवेत (स्वीडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात) २०१८ पासून वह्यांची छायाचित्रं फुकट आहेत, पण बरीचशी जुन्या मायक्रोफिल्मवरची. शाई फिकट दिसली तर आर्किव्ह डिजिटल या खासगी संकेतस्थळाची रंगीत छायाचित्रं पाहा, पैसे भरावे लागतात. अडलेल्या ओळीसाठी तेवढं करावं. १७५३ च्या मागे गेलात तर कॅलेंडर ध्यानात ठेवा: त्या वर्षी १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला.