मॅन्डरिन मासा काहीच खात नाहीये, काय करू?

प्रश्न: १२० लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे, तीनच महिने झालेत, मागच्या आठवड्यात मॅन्डरिन आणला पण पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) तोंडासमोर पडले तरी ढुंकून बघत नाही, नुसता खडकाला टोचे मारत फिरतो. पोट पार आत गेलंय, जीव तुटतो हो बघून.

उत्तर: अहो ते टोचे म्हणजेच त्याचं जेवण, खडकावरचे कोपेपॉड (कवचवाले अगदी बारीक जीव, म्हणजेच पॉड्स) टिपतो तो दिवसभर, आणि एवढ्या नव्या टँकमध्ये ते पुरतच नाहीत. लाइव्ह पॉड्स आणा, रात्री लाइट-पंप बंद करून खडकाच्या फटीत सोडा.

उत्तर: सोबत सिक्सलाइन रास मासा आहे का? तो पण पॉड्सच फस्त करतो.

प्रश्नकर्ता: आहे! आजच काढतो.

उत्तर: माझ्या मॅन्डरिनने ब्रीडिंग बॉक्समध्ये (टँकमध्येच लावायच्या छोट्या पेटीत) ठेवल्यावर आधी जिवंत आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) खाल्ला, मग त्यातच थोडं थोडं फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) मिसळत गेलो. घाई करू नका, पण उपाशीही ठेवू नका.