भावाचा जीव वाचला, पण रात्र रात्र झोपत नाही, काय करावं?

कामठीरोडची_ताई: माझा लहान भाऊ फौजेत, काश्मीरमध्ये आयईडी (पेरलेला बॉम्ब) स्फोटात सापडला, डावा पाय गुडघ्याखालून काढला, पोटाची ऑपरेशनं झाली, डॉक्टर आम्हाला तयारीत राहा म्हणाले होते. आता बोर्ड आऊट (जखमेमुळे फौजेतून निवृत्त) होऊन नागपूरला घरी आहे. जो पाय नाहीच त्याचा अंगठा कोणीतरी पिळून राहिलं म्हणते, रात्री उठून बसते. पाहुणे येतात, "देवानं वाचवलं रे बाबा" म्हणतात, की कुबड्या घेऊन आत निघून जाते. सोबतचा एक जण त्याच स्फोटात गेला, त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

माजी_हवालदार: ताई, दुखणं खरं आहे, नाटक नाही. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते. साधी पेनकिलर पुरत नाही, नसांच्या गोळ्या वेगळ्या असतात, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पेन क्लिनिक अन् मानसोपचार दोन्हीचं रेफरल घ्या. दोन पायांच्या मधे आरसा ठेवून चांगला पाय हलवायचा व्यायामही असते, बऱ्याच जणांना आराम पडते. अन् "देवानं वाचवलं" हे घरात बंद करा, मग दोस्ताला काहून नाही वाचवलं हेच त्याच्या डोक्यात फिरत असणार. युनिटमधला कोणी बोलवा, दोन दिवस राहू द्या, तुम्ही मधे बसू नका.

धंतोलीकर: फौजी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा त्याले! 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं लुळं पडलं, अन् 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड.

माजी_हवालदार: सांगा भाऊ, पण आत्ता नाही. मधे सात वर्षं गेली ते कोणी पाहत नाही. आज त्याले झोप पाहिजे, मेडल नाही.

फिजिओ_नागपूर: पहिल्या वर्षी स्टंप (उरलेला पायाचा भाग) आकसतो, सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) ढिलं होतं, घासून जखमा होतात, त्यात आपलं ऊन, घामानं लायनर (स्टंपवरचा मऊ मोजा) सटकतो. कृत्रिम पाय लावायचं टाळत असेल तर आधी कातडी बघा, आळशी झाला म्हणू नका. सॉकेट बदलायला पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर आहे, 1944 पासूनचं. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, चोवीस तास, मराठीत बोलतात.

कामठीरोडची_ताई: त्याच्या युनिटमधला एक भंडाऱ्याचा आहे, आजच फोन करते. तो आरसा किती मोठा लागते?

फिजिओ_नागपूर: गुडघ्यापासून बोटांपर्यंत पाय पूर्ण दिसेल एवढा. पहिल्यांदा मात्र कोणाकडून तरी शिकून घ्या.