रेड वेल्वेट केक कापल्यावर आतून तपकिरी का? आणि स्ट्रॉबेरी बटरक्रीमला पाणी सुटतं, त्याचं काय करायचं?

चिमूटभर
सात इंची, चार थरांचा रेड वेल्वेट करायचा आहे. हाताशी असलेली कृती: मैदा 250 ग्रॅम, साखर 250 ग्रॅम, डार्क कोको 30 ग्रॅम, खायचा सोडा दीड टीस्पून, ताक 200 मिली, तेल 170 मिली, अंडी 2, व्हिनेगर 1 टीस्पून, बाटलीतला पातळ लाल रंग 1 टेबलस्पून. केक वरून लालसर दिसतो, पण आतून विटकरी-तपकिरी निघतो. खाऊन झाल्यावर जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते, मधोमध फुगून तडाही जातो. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) आहे, 180 अंशांवर भाजते.
दुसरं म्हणजे आतल्या थरांना स्ट्रॉबेरी बटरक्रीम आणि बाहेरून व्हॅनिला हवंय. फळ घातलं की क्रीम फाटतं. बटरक्रीम बिनअंड्याचं जमलं तर उत्तम. कुठे काय बदलू?

तूपसाखर
रंग वाढवू नका, सोडा कमी करा. एवढ्या ताकाला जेमतेम अर्धा टीस्पून सोडा लागतो. तुमचा दीड आहे, म्हणजे बराचसा सोडा आंबटपणाशी मिळून न जाता तसाच उरतो आणि ओव्हनच्या उष्णतेने त्याचा धुण्याचा सोडा होतो. साबणाची चव त्याचीच. शिवाय मिश्रण अल्कधर्मी झालं की कोको काळपट पडतो. डेव्हिल्स फूड या काळपट चॉकलेट केकमध्ये गडद रंगासाठी मुद्दाम जास्त सोडा घालतात. इथे आपल्याला नेमकं उलटं हवंय.
कोकोही बदला. डार्क किंवा डच कोको आधीच अल्कलीने प्रक्रिया केलेला असतो. डब्याच्या मागे घटकांत 500 किंवा 501 नंबरचा अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर दिसला तर तो या केकसाठी ठेवून द्या. साधा नॅचरल कोको घ्या आणि तोही 12 ग्रॅमच. 30 ग्रॅम कोको झाकायला मग रंग ओतावा लागतो आणि केक कडवट होतो.
आपलं घरचं ताक फार पातळ असतं. 150 ग्रॅम किंचित आंबट दही आणि 50 मिली पाणी घुसळून घ्या. बाकी प्रमाण असं: सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर 1 टीस्पून, मीठ पाव टीस्पून, व्हिनेगर 2 टीस्पून, जेल रंग 1 टीस्पून. पातळ रंगाने नुसतं पाणी वाढतं, भाजल्यावर तो फिकाही होतो.
तेल, साखर, अंडी दोन मिनिटं फेटा, त्यात व्हॅनिला आणि रंग. रंग मैद्याच्या आधीच जायला हवा. नंतर घातला तर तो एकसारखा होईपर्यंत ढवळावं लागतं आणि केक चिवट होऊन आत लांबट बोगदे पडतात. मग दोनदा चाळलेलं कोरडं साहित्य आणि दही आलटून पालटून. मिश्रण हवं त्यापेक्षा एक छटा गडद दिसू दे. व्हिनेगर अगदी शेवटी, ओव्हन तापून टिन तयार असतील तेव्हाच.
फुगून तडकणं हा जास्त आचेचा परिणाम. दोन टिन, दोन्ही रॉड, मधली जाळी, 160 ते 165 अंश, 30 ते 35 मिनिटं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो, आत छोटा थर्मामीटर ठेवाच. टूथपिकला एखाद-दुसरा ओला कण चिकटला की काढा. पुढची पाच मिनिटं रंगाला महाग पडतात.

हिरवी_वेलची
रंगाऐवजी बीट चालेल का?

तूपसाखर
माझ्या मते नाही. बिटाचा रंग उष्णतेने उडतो आणि सोड्यापुढे तर टिकतच नाही. आंबट मिश्रणात थोडा तगतो, पण मिळते ती गुलाबी-तपकिरी छटा, वर मातकट वास. बीट केक म्हणून करा, चांगला लागतो.

पळीपंचपात्र
बटरक्रीमबद्दल. बिनअंड्याचं हवं तर अर्माइन करा: शिजवलेल्या मैद्याचं फ्रॉस्टिंग. अमेरिकेत रेड वेल्वेटला जुन्या पद्धतीत हेच लावत, क्रीम चीज नंतर आलं.
मैदा 35 ग्रॅम आणि साखर 200 ग्रॅम पातेल्यात कोरडेच मिसळा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. 250 मिली दूध हळूहळू घालून मध्यम आचेवर सतत ढवळा. बुडबुडे आल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते. पळी फिरवल्यावर तळ क्षणभर उघडा दिसला पाहिजे. वर क्लिंग फिल्म चिकटवून पूर्ण गार करा. ही मैद्याची खीर कोमट असताना बटरमध्ये गेली की सगळं पातळ.
बटर 250 ग्रॅम, बिनमिठाचं, बोट दाबलं तर खळगा पडेल पण तेलकट चमक नसेल इतपत मऊ, साधारण 20 ते 22 अंश. पाच-सहा मिनिटं फेटून पांढुरकं करा, मग खीर चमचा चमचा. घरचं लोणी वापरू नका, त्यात पाणी जास्त असतं. मिठाचं पिवळं टेबल बटर तर नकोच.
फाटल्यासारखं दाणेदार दिसलं तर बहुतेक वेळा ते गार असतं. भांड्याला बाहेरून गरम ओला कपडा लावा आणि फेटत राहा, जुळून येतं. उलट ओघळत असेल तर पंधरा मिनिटं फ्रीज, मग पुन्हा फेटा. फेकून देण्याची वेळ क्वचितच येते.
स्ट्रॉबेरी: 300 ग्रॅम फळ वाटून गाळा आणि 80 ग्रॅम उरेपर्यंत आटवा. वजन करूनच बघा, डोळ्यांना ते आधीच आटल्यासारखं वाटतं. जॅमइतकं घट्ट आणि पूर्ण गार झाल्यावर निम्म्या बटरक्रीममध्ये चमचा चमचा घाला. सगळं संपवायलाच हवं असं नाही. हंगाम नसेल तर फ्रीझ-ड्राइड (गोठवून सुकवलेल्या) स्ट्रॉबेरीची पावडर 15 ग्रॅम. त्यात पाणीच नसल्याने फाटायचा प्रश्न येत नाही.

चिमूटभर
खूप आभार दोघांचे. आंबटसर चव यावी म्हणून व्हॅनिलाच्या भागात चक्का घातला तर? क्रीम चीज इथे फक्त डब्यातलं मिळतं.

पळीपंचपात्र
डब्यातलं क्रीम चीज मऊ आणि पाणीदार असतं, जास्त फेटलं की ढिलं पडतं. चक्का चालेल, पण रात्रभर टांगलेला, दाबून पाणी काढलेला आणि पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढलेला. 60 ग्रॅमच्या वर नको. शेवटी हाताने घोळवा, बीटर लावू नका.

ओव्हनबाहेर
एका गोष्टीवर वेगळं मत. मुंबईच्या मे महिन्यात अर्माइन बाहेरच्या थराला फार मऊ पडतं. एसी नसेल तर बटरचा चौथा हिस्सा काढून त्याऐवजी पांढरं शॉर्टनिंग (बेकिंगसाठीची घट्ट वनस्पतिजन्य चरबी) घ्या. तोंडात किंचित मेणचट लागतं, पण कडा उभ्या राहतात.
जोडताना: केक गार झाल्यावर गुंडाळून दोन तास फ्रीजमध्ये, मगच दातेरी सुरीने आडवे काप. प्रत्येक थराच्या कडेने आधी व्हॅनिलाची जाड रेघ पाइप करा आणि स्ट्रॉबेरी तिच्या आत भरा, नाहीतर गुलाबी रंग बाहेर डोकावतो. पातळ क्रम कोट (चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला हात), वीस मिनिटं फ्रीज, मग दुसरा हात. लाल चुरा पांढऱ्या क्रीममध्ये लगेच दिसतो, म्हणून केकला लागलेला स्पॅटुला क्रीमच्या मुख्य भांड्यात परत बुडवू नका. थोडं क्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या.
फ्रीजमधून काढल्यावर लगेच कापू नका, बटर दगडासारखं असतं आणि चव लागत नाही. थंडीत तासभर, उन्हाळ्यात अर्धा तास बाहेर पुरे.