मदत हवी आहे: शालेय समाजकार्यकर्त्याची मुलाखत घेताना काय विचारावे, काय पाहावे?

नमस्कार.

बीड जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या संस्थेवर मी सदस्य आहे. आमच्या शाळेत यंदा प्रथमच पूर्णवेळ शालेय समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. हे पद शासनाच्या मंजूर पदांपैकी नसून त्याचे मानधन देणगीतून दिले जाणार आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झालेल्या उमेदवारांचे अर्ज आले आहेत. निवड समितीत संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक, एक ज्येष्ठ शिक्षिका आणि मी असे चौघे असून आमच्यापैकी कोणीही समाजकार्याचे शिक्षण घेतलेले नाही. गणिताचा शिक्षक नेमताना उमेदवाराला वर्गावर पाठ घ्यायला सांगता येतो. या कामाची तशी परीक्षा कशी घ्यावी, हे आम्हाला उमगलेले नाही.

काम कोणत्या परिस्थितीत करायचे आहे, ते आधी सांगते. आमच्याकडील बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुले आई-वडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. मुकादमाची (टोळीसाठी मजूर जमवणाऱ्या कंत्राटदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता तयार होतो, आणि वयात आलेल्या मुलीला मागे एकटी ठेवायची भीती असतेच. नववी-दहावीतील मुलींची लग्ने ठरतात ती या दोन्ही कारणांनी. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयापुरते असल्याने नेमक्या याच मुली त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आमचे काही शिक्षक बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळा सुटू पाहणाऱ्या मुलांना शाळेत टिकवण्यासाठी, मनापासून काम करतात. परंतु अध्यापन सांभाळून वस्तीवर पुन्हा पुन्हा जाणे त्यांना शक्य होत नाही.

मुलाखतीसाठी सचिवांनी जी प्रश्नावली तयार केली आहे, तिच्यात समाजकार्याच्या पद्धती कोणत्या, केसवर्क (एकेका व्यक्तीबरोबरचे काम) आणि गटकार्य यांत फरक काय, बालहक्क म्हणजे काय, असे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कोणताही अभ्यासू उमेदवार देईल. त्याऐवजी प्रत्यक्ष प्रसंग समोर ठेवावेत, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ: नववीतील मुलगी सांगते की, मे महिन्यात माझे लग्न आहे, पण हे कोणालाही सांगू नका. किंवा सातवीतील मुलगी नात्यातील माणसाच्या स्पर्शाबद्दल सांगते आणि आईला कळता कामा नये, अशी शपथ घालते. दुसऱ्या प्रसंगात कायदा स्पष्ट आहे. पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा 'मी मुलीला गुप्ततेचे वचन देईन' हे उत्तर कितीही मायेचे वाटले तरी चुकीचे आहे. पण 'मी लगेच तक्रार करीन' एवढ्यावर थांबणारे उत्तरही मला पुरेसे वाटत नाही. तक्रारीपूर्वी त्या मुलीला काय सांगणार, बालकल्याण समितीपर्यंत (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपर्यंत) तिच्याबरोबर कोण जाणार, ती रात्री कोणाच्या घरी झोपणार, हे उमेदवाराला न विचारता सुचते का, ते मला पाहायचे आहे. बालविवाहाच्या प्रसंगातही १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करणे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने कळवणे ही सुरुवात झाली. लग्न थांबल्यानंतर त्या घरात मुलीचे काय होते आणि ती शाळेत टिकते का, हे खरे काम आहे.

आता मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट. एक प्रसंग मी असा लिहिला आहे: एका शिक्षकाने विद्यार्थ्याला मारले आहे, पालक घाबरून गप्प आहेत आणि मुख्याध्यापक सांगतात की, हे नोंदवहीत लिहू नका, शाळेचे नाव खराब होईल, अशा वेळी तुम्ही काय कराल? चांगल्या समाजकार्यकर्त्यावर कधी ना कधी शाळेच्या सोयीविरुद्ध उभे राहण्याची वेळ येणार, आणि त्या वेळी तो मुलाच्या बाजूने उभा राहील का, हेच या निवडीत पाहायचे आहे असे मला वाटते. परंतु हा प्रश्न विचारताना समोर मुख्याध्यापकच बसलेले असणार. आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत आणि हा प्रसंग विचारायला त्यांची हरकत नाही. तरीही नोकरीची गरज असलेला तरुण उमेदवार त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच उत्तर देईल. मग हा भाग बाहेरच्या तज्ज्ञांसमोर घ्यावा का? जवळच्या समाजकार्य महाविद्यालयातील क्षेत्रकार्य (विद्यार्थ्यांचे वस्ती-संस्थांतील प्रत्यक्ष काम) पाहणाऱ्या प्राध्यापकांना समितीत बोलावता येईल. सखी सावित्री समितीतील (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या समितीतील) एखाद्या महिला सदस्यालाही घेता येईल. आणि 'मी आधी मुख्याध्यापकांशी बोलून त्यांना पटवीन' असे उत्तर आले, तर ते समंजसपणाचे मानावे की माघारीचे? कोणता पुढचा प्रश्न विचारला म्हणजे या दोहोंतला फरक कळेल?

लेखी कामाचाही विचार आहे. उमेदवाराला एका घरभेटीचे वर्णन वाचायला देऊन अर्ध्या तासात तिची नोंद मराठीत लिहायला सांगावी, आणि मूल काय म्हणाले, आपण काय पाहिले व आपला अंदाज काय, या तीन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो का ते तपासावे. ही नोंद पुढे बालकल्याण समितीसमोर जाऊ शकते, म्हणून मला ही परीक्षा महत्त्वाची वाटते. असे लेखन कोणी तपासले असेल, तर नेमके काय पाहावे ते कृपया सांगावे.

महिला उमेदवारांना 'लग्न कधी करणार', 'घरचे फिरू देतील का' असे विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. हे प्रश्न विचारू द्यायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. मात्र पालक मजुरीवरून संध्याकाळीच परततात, तांडे-वस्त्या लांब आहेत आणि घरभेटी चुकणार नाहीत, हे खरे आहे. तेव्हा ही अट जाहिरातीत लिहून सर्व उमेदवारांना, स्त्री असो वा पुरुष, 'या भेटींचे नियोजन तुम्ही कसे कराल आणि शाळेकडून तुम्हाला काय लागेल' एवढेच विचारावे, असे वाटते. चारित्र्य पडताळणी आणि आधीच्या क्षेत्रकार्य मार्गदर्शकांशी फोनवर बोलणे हे अर्थातच होईल.

एक मतभेद मात्र सुटत नाही. ज्येष्ठ शिक्षिकांचे म्हणणे आहे की, निवडीपूर्वी उमेदवाराला आठवी-नववीच्या मुलांबरोबर तासभर गटकार्य करू द्यावे आणि नंतर मुलांचे मत घ्यावे. मुलांचे मत घेणे मलाही योग्य वाटते. पण ज्याची नेमणूक होणार नाही, अशा अनोळखी माणसासमोर एखादे मूल मन मोकळे करून बसले, तर पुढे त्याला कोण सांभाळणार? विषय खेळापुरता किंवा शाळेतील सोयी-गैरसोयींपुरता मर्यादित ठेवून हे करता येईल का?

शाळेत हे काम केलेल्यांनी, समाजकार्य शिकवणाऱ्यांनी, तसेच अशा मुलाखतीला उमेदवार म्हणून बसलेल्यांनीही अवश्य लिहावे. तुम्हाला कोणता प्रश्न विचारायला हवा होता आणि कोणी विचारला नाही, हे कळले तर फार उपयोग होईल. टोळ्या निघण्यापूर्वी नवीन व्यक्तीला घराघरांतून पालकांना भेटता यावे, म्हणून मुलाखती दसऱ्याच्या आधी घ्यायच्या आहेत.